होऊन गेलेल्यांची नोंद : कुलगुरूंना तळोद्याहून खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव



मागच्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा ठरली. विषय पोरांनीच सुचवला होता : ‘मोठ्या धर्मांचे संस्थापक ऐतिहासिक व्यक्ती होत्या काय?’ फलक लागला, नावे आली आणि आठवड्याभरात फलक उतरला. त्या जागी नवा विषय आला, ‘मोबाइल : शाप की वरदान’. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण प्राचार्यांवर माझा राग नाही. त्यांच्या जागी असतो तर माझ्याही पोटात गोळा आला असता. सभागृहात कुणीतरी उठून कुणाच्या तरी श्रद्धास्थानाला खोटे म्हणणार, शेजारचा ते मोबाइलवर टिपणार, संध्याकाळपर्यंत ते गावोगाव फिरणार आणि रात्री पोलीस ठाण्यातून फोन प्राचार्यांनाच येणार.

तरीही हे पत्र लिहितो आहे, आणि तेही प्राचार्यांना नव्हे, आपल्याला. हा प्रश्न एका महाविद्यालयाच्या आवाक्यातला नाही, विद्यापीठाच्या आहे.

स्पर्धेच्या तयारीसाठी काही मुले माझ्याकडे येऊन बसत. तळोद्याला इतिहास शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे असल्या कामाला माझेच नाव निघते. त्यांच्या वह्या चाळल्या. एकाने लिहिले होते, येशू नावाचा माणूस झालाच नाही, रोमन लोकांनी ती गोष्ट रचली. दुसऱ्याने लिहिले होते, रामजन्माची तारीख ग्रहांवरून संगणकाने काढली आहे, आता प्रश्नच मिटला. एका मुलीच्या वहीत बुद्ध म्हणजे सूर्याची गोष्ट, असे होते. तिला ते कुठून मिळाले हे तिलाही सांगता येईना, पण त्यामागे खरेच एक जुना वाद आहे. त्याकडे पुढे येतो. सगळ्यांची तऱ्हा एकच : शंका दुसऱ्याच्या संस्थापकावर, पुरावा आपल्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. हा दोष पोरांचाच आहे असेही नाही. बाबाराव सावरकरांनी 1946 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपरिचया’त येशूला नाकारायच्या भानगडीत न पडता त्याला थेट हिंदूच करून टाकले. ही तिसरीच तऱ्हा, दुसऱ्याचे कार्टे उचलून आपल्याच घरात आणायचे.

माझे म्हणणे एवढेच की हा वाद नाझरेथ, लुंबिनी, मक्का अशा लांबच्या गावांपासून सुरू होतो म्हणून चिघळतो. तिथल्या माणसाबद्दल आपल्याजवळ माहिती थोडी आणि मते भरपूर. तो नंदुरबार जिल्ह्यातून सुरू करावा. गेल्या शंभरेक वर्षांत या पट्ट्यात संस्थापकाशिवाय उभा राहिलेला पंथ लोकांनी पाहिला आहे आणि हाडामांसाच्या संस्थापकाचाही. दोन्हींच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत.

आधी संस्थापकाशिवायचा. 1922 च्या सुमारास पालघरकडच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी देवीच्या रोगाची देवी शांत करायला पूजा मांडली. ती देवी किनाऱ्यावर थांबली नाही. सह्याद्री चढून सुरगाणा, डांग असे करत त्या वर्षाच्या शेवटी सोनगड-व्याऱ्याच्या पट्ट्यात पोचली आणि तिथून पश्चिम खानदेशच्या आदिवासी भागातही आली. वाटेत ती बदलत गेली. रोगाची देवी होती, ती उपदेश करणारी देवी झाली आणि तिला सलाबाई म्हणू लागले. गावोगावचे लोक मांडवात जमत. मध्यभागी बसलेल्यांच्या अंगात येई, माना घुमत, हातात लाल कापड असे आणि तोंडून हुकूम येत : दारू सोडा, ताडी सोडा, मांसमासळी सोडा, रोज अंघोळ करा, घरदार स्वच्छ ठेवा, दारूच्या गुत्तेवाल्या पारशांकडे कामाला जाऊ नका. लोकांनी खरोखर दारू सोडली. गुत्ते ओस पडले, आणि ज्या सावकारांनी व गुत्तेवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या माणसांना झुलवले होते त्यांना पहिल्यांदाच नाही ऐकावे लागले. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराने गावोगाव फिरून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून या चळवळीवर एक अख्खे पुस्तक लिहिले. ते 1987 साली आले.

सलाबाई कोण होती? कुणी नव्हती. पूर्वेच्या डोंगरातून आलेली देवी, एवढेच लोक सांगत. तिचे आईबाप नाहीत, गाव नाही, समाधी नाही. पण तिच्या नावावर घडले ते सगळे कागदावर आहे, आणि अबकारी खात्याचा महसूल बुडाला तेव्हा सरकारलाही तिची दखल घ्यावी लागली.

याच चळवळीतली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. देवीचा जोर असतानाच लोकांत गांधीजींचे नाव शिरले. कुठे कुठे विहिरीत डोकावले तर आत गांधीबाबा चरखा चालवताना दिसतात, असे सांगू लागले. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. मार्च 1922 मध्ये त्यांना पकडले होते. आता ही विहिरीची गोष्ट तेवढीच हाती लागली आणि बाकीचे सगळे कागद जळून गेले अशी कल्पना करा. आणखी हजार वर्षांनी एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, विहिरीत दिसणारा माणूस म्हणजे जलदेवता, गांधी नावाचे कुणी नव्हतेच. त्याचा तर्क नीटनेटका असेल, निष्कर्ष मात्र साफ चुकलेला. चमत्कार सांगितला जातो म्हणून माणूस खोटा ठरत नाही. उलट माणूस खरा ठरला म्हणून चमत्कारही खरा ठरत नाही. पोरांच्या वह्यांत या दोन वाक्यांची सतत गल्लत होती; मोठ्यांच्या भाषणांतही असते.

सलाबाईनंतर पंधराएक वर्षांनी आमच्या तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुला महाराज उभे राहिले. 1930 च्या दशकाचा उत्तरार्ध. दर सोमवारी आरती असे, आणि तिला सातपुड्याच्या वरखालच्या गावांतून, खानदेशाबाहेरूनही भिल्ल हजारोंनी येत. महाराजांचे सांगणे काय, तर दारू सोडा, अंघोळ करा, मांस सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. या शेवटच्या गोष्टीवरून त्यांच्या पंथाला आप पंथ म्हणतात, आणि ‘आप की जय’ हा घोष आजही ऐकू येतो. ज्यांना मामलेदार कचेरीपासून सावकाराच्या ओट्यापर्यंत सगळे ‘अरे’ म्हणत, त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायला लागणे, हे त्या काळी साधे नव्हते. गोरे सरकार आणि काळे सावकार दोघांच्याही कपाळाला आठ्या पडल्या.

1938 मध्ये गुला महाराज वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी आरती पुढे चालवली. सरकारने त्यांना हद्दपार केले. पुढे ते परतले, अनुयायी त्यांच्याभोवती जमले आणि 2 मार्च 1943 रोजी तळोदा तालुक्यातल्याच रावलापाणीच्या घळीत त्या जमावावर पोलिसांच्या गोळ्या चालल्या. माणसे पडली. खडकावरच्या गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात; बोट घालून पाहावे अशा.

दोन्ही चळवळींची शिकवण शेजारी ठेवली तर फरक जवळजवळ नाही. दारूबंदी, स्वच्छता, मांसवर्ज्यता, मान. प्रदेश जवळपास तोच, माणसे त्याच समाजांतली. एकीच्या मुळाशी माणूस नाही, दुसरीच्या आहे. म्हणजे शिकवणीवरून संस्थापक होता की नव्हता हे ठरवता येत नाही. शिकवण उत्तम आहे म्हणून ती सांगणारा एक थोर पुरुष असलाच पाहिजे, हा युक्तिवाद इथे तळोद्यातच कोसळतो. आणि हे सगळे सांगोवांगीचे आहे म्हणून माणूस नसणारच, हा युक्तिवादही इथेच कोसळतो.

मग ठरवायचे कशावरून? मुलांना मी सांगितले : भाऊ शोधा. ती हसली. पण गुला महाराजांच्या बाबतीत सर्वांत बळकट पुरावा कोणता? चमत्काराची कहाणी नव्हे, भजन नव्हे, पुतळा तर नव्हेच. रामदास महाराज. ज्याला सरकारने हद्दपार केले तो भाऊ. कल्पनेतल्या माणसाच्या भावाला कुठलेही सरकार हद्दपार करत नाही.

हेच येशूच्या बाबतीत. रोमन इतिहासकार टॅसिटस इसवी सन 116 च्या सुमारास लिहितो की पॉन्शस पिलातच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला मृत्युदंड झाला. ते महत्त्वाचे आहेच, पण तो ऐकून लिहितो आहे. त्याहून जवळचा साक्षीदार पौल. येशूच्या मृत्यूला वीसेक वर्षे झाली असताना लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो की जेरुसलेमला मी प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. पौलाचे आणि याकोबाच्या मंडळींचे फारसे पटत नव्हते, म्हणजे त्याने हे कौतुकाने सांगितलेले नाही. तोच याकोब इसवी सन 62 मध्ये मारला गेला, हे योसेफस हा ज्यू इतिहासकार स्वतंत्रपणे नोंदवतो. येशू ही निव्वळ कल्पना, असे म्हणणारे लोक युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. आर्थर ड्रूज या जर्मन प्राध्यापकाने 1909 मध्ये त्यावर गाजलेले पुस्तकही लिहिले. परंतु या भावाचे काय करायचे, यावर त्यांना पटेलसे उत्तर देता आलेले नाही. म्हणून आज धर्म मानणारे न मानणारे बहुतेक सगळे अभ्यासक तो माणूस झाला हे मान्य करतात. तो पाण्यावर चालला का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याला इतिहासाच्या पेपरात गुण नाहीत.

प्रेषित मुहंमद पैगंबरांविषयी तर वादाला फार जागाच उरत नाही. त्यांच्या निधनानंतर काही वर्षांतच लिहिलेल्या एका ग्रीक लेखनात, म्हणजे मुस्लिम नसलेल्या माणसाच्या हातून, अरबांत प्रेषित उभा राहिल्याचा उल्लेख सापडतो. दुसऱ्या टोकाला मोशे : इजिप्तच्या नोंदींत त्याचे नाव नाही. चीनचे लाओत्से : इसवी सनापूर्वी शंभरच्या सुमारास त्यांचे चरित्र लिहायला बसलेला सिमा च्यान एका माणसाऐवजी तीन संभाव्य माणसांची नावे देऊन मोकळा होतो. जरथुष्ट्राच्या काळाबद्दल तर अभ्यासकांत काही शतकांचे अंतर आहे. सगळ्यांना एका ओळीत बसवून ‘संस्थापक होते काय’ असे विचारले की होकार आणि नकार दोन्ही खोटेच निघतात. स्पर्धेचा विषय तेवढ्यापुरता चुकला होता खरा.

आता जरा वर, तोरणमाळला चलू. यशवंत तलाव, सीताखाई, मच्छिंद्रनाथांची गुंफा, गोरखनाथांचे मंदिर. महाशिवरात्रीला इथली यात्रा ज्यांनी पाहिली त्यांना गोरखनाथ होऊन गेले का, असे विचारायचे धाडस होणार नाही. पण ज्ञानेश्वरीच्या अखेरीस दिलेली परंपरा कागदावर मांडून पाहावी : आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव. ज्ञानेश्वरी 1290 ची. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा उपदेश त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांतला. दुसरीकडे काश्मीरच्या अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोका’च्या आरंभी मच्छंद नावाच्या गुरूला वंदन केले आहे, आणि तो ग्रंथ इसवी सन 1000 च्या आगेमागचा. हा मच्छंद म्हणजेच आपले मच्छिंद्र, असे अभ्यासक धरतात. म्हणजे गुरू दहाव्या शतकाच्या अलीकडे येत नाही, नातूशिष्य तेराव्या शतकात, आणि मधल्या अडीचशे वर्षांत एकटे गोरखनाथ उभे. शिवाय कबिराशी आणि नानकांशी त्यांचे संवाद झाल्याचे सांगणारे ग्रंथ आहेतच. म्हणजे आणखी दोन-अडीचशे वर्षे. आता तीन उत्तरे संभवतात. मधली नावे गळाली असतील. गोरख एकाहून अधिक झाले असतील. किंवा गोरख हे एका माणसाचे नाव होते आणि पुढे ते पद झाले. रा. चिं. ढेरे यांनी नाथ संप्रदायाचा इतिहास लिहिताना असल्या कोड्यांशी झुंज घेतली, आणि त्यांच्या लेखनाने कुठल्या मठातली धुनी विझल्याचे मी ऐकलेले नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर एक माणूस झाला असावा, बाराव्या शतकाच्या आसपास किंवा थोडा आधी, आणि त्याच्या नावाखाली पुढच्या कित्येकांचे कर्तृत्व जमा झाले. तोरणमाळला तो स्वतः आला होता का, हे मात्र कुणीही सांगू शकणार नाही.

अस्तंब्याचे तसे नाही. धनत्रयोदशीला तो डोंगर चढणाऱ्या पोरांना अश्वत्थामा इथे राहतो हे पक्के ठाऊक असते. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही तो रोज पहाटे येतो म्हणतात. त्याची चिरंजीविता मान्य केली तर दोन ठिकाणी दिसायला हरकत नाही. तिथे इतिहासाने नाक खुपसू नये.

याहामोगी देवीविषयी लिहिताना लेखणी अडखळते, आणि अडखळावी. दाब हे तिचे मूळ ठिकाण मानतात, ते आमच्या अक्कलकुवा तालुक्यात. तिची मोठी यात्रा देवमोगऱ्याला, ते नर्मदा जिल्ह्यात, गुजरातेत. महाशिवरात्रीला सातपुड्याच्या तिन्ही राज्यांतून माणसे बांबूच्या नव्या टोपलीत धान्य घेऊन जातात. दुष्काळात तिने आपली कणगी उघडून माणसे जगवली, असे गाण्यांत सांगतात. राजा पांठा, विनादेव ही तिच्याभोवतीची नावे. ती कुठल्या काळातली राणी होती का? होती असे म्हणणारे तिला एखादी तारीख शोधून देऊ पाहतात, कारण तारीख असली की सरकारी कागदात जागा मिळते. नव्हती, ती अंबामातेचेच रूप, असे म्हणणारेही आहेत. त्यांचा हिशेब वेगळा. मला दोन्ही घाई वाटते. या पट्ट्यात दुष्काळ पडले, धान्याच्या कणग्या कुणी बंद केल्या, कुणी उघडल्या, हे इतिहासाला माहीत आहे. त्यातली एक उघडणारी बाई कोण, हे माहीत नाही. इथे इतिहासकाराने गप्प बसावे आणि गाणारीने गावे. मात्र गाणारीचे गाणे लिहून ठेवावे, तिच्याच बोलीत, तिच्या नावासकट.

तर बुद्ध आणि सूर्य. मुलीच्या वहीतली ती ओळ हवेतून आलेली नाही, दीडशे वर्षे जुनी आहे, इतकेच. 1870 च्या दशकात फ्रान्सच्या एमिल सनार यांनी बुद्धचरित्र म्हणजे सूर्यकथेचा विस्तार आहे असे मांडले, हॉलंडच्या हेन्ड्रिक कर्न यांनीही तीच री ओढली. डिसेंबर 1896 मध्ये नेपाळच्या तराईत रुम्मिनदेईला अशोकाचा स्तंभ वाचला गेला. त्यावर अशोक सांगतो, राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर मी स्वतः इथे आलो, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मला, म्हणून लुंबिनी गावाला बळी माफ केला आणि धान्याचा आठवाच हिस्सा ठरवला. मला त्या लेखात सर्वांत जास्त विश्वास त्या सारामाफीवर वाटतो. जन्माची गोष्ट भक्तही लिहील. गावाचा सारा कमी केल्याचे मात्र दरबाराला हिशेबात धरावे लागते, आणि तो सातबाऱ्यासारखा रूक्ष कागद असतो. लक्षात घ्यावे, हा जन्माचा दाखला नव्हे. बुद्धानंतर निदान दीडशे वर्षांनी त्या गावात लोक काय मानत होते याचा तो पुरावा. सूर्यकथेची हवा काढायला मात्र तेवढा पुरला.

आणि पुढचे काम मराठीत झाले, हे आमच्या मुलांना कुणी सांगत नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून पायी, रेल्वेने, उपाशीतापाशी हिंडत सिंहलद्वीपाला पोचले, भिक्षू झाले, पाली शिकले. म्हणजे श्रद्धा बेताची नव्हती. त्यांनीच 1940 मध्ये ‘भगवान बुद्ध’ लिहिले आणि शाळेच्या पुस्तकांतून आपण सगळे शिकलो ती म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांची गोष्ट नाकारली. ती मुळात विपस्सी नावाच्या प्राचीन बुद्धाची कथा, गौतमाला नंतर चिकटवलेली, असे त्यांनी दाखवले. स्वतः गौतम एका सुत्तात सांगतो की आईबाप रडत असताना मी त्यांच्यादेखत घर सोडले. मग मध्यरात्रीचा घोडा कशाला? शुद्धोदन हा महाराजा नव्हे, शेती असलेला एक शाक्य क्षत्रिय, हेही त्यांचेच म्हणणे. शाक्य आणि कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या भांडणात त्यांना गृहत्यागाचे खरे कारण दिसले. पुढे बाबासाहेब आंबेडकरांनीही त्या चार दृश्यांवर प्रश्न उभा केला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता हे कसे मानायचे, असा साधा प्रश्न. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ 1957 मध्ये आला, धर्मांतराच्या दुसऱ्याच वर्षी, त्यांच्या निधनानंतर. नव्याने धम्मात आलेल्या लाखो माणसांच्या हाती त्यांच्याच नेत्याने संस्थापकाचे चरित्र असे घासूनपुसून, शंका विचारून दिले. त्यांची श्रद्धा त्याने ढिली झाली असे कोण म्हणेल? प्रश्न विचारणे म्हणजे अपमान, असे मानणाऱ्यांनी दीक्षाभूमीवर एकदा जाऊन यावे.

ज्ञानेश्वरांवरूनही असा वाद झाला होता. शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने 1898-99 मध्ये ‘सुधारक’ पत्रात लेख लिहून ज्ञानेश्वरी लिहिणारे एक आणि अभंग लिहिणारे आळंदीचे दुसरे, असे दोन ज्ञानेश्वर मांडले. प्रचंड खळबळ झाली. बहुतेकांना त्यांचे म्हणणे पटले नाही, मलाही पटत नाही. पण त्या भांडणापायी अभंगांची भाषा आणि ज्ञानेश्वरीची भाषा शेजारी ठेवून तपासायची सवय लागली, आणि वारी काही त्यामुळे थांबली नाही.

कुलगुरू महोदय, आता मागणीवर येतो.

गुला महाराजांना जाऊन नव्वदीच्या घरात वर्षे होत आली. त्यांची आरती डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता असलीच तर शंभरीला टेकलेली. त्यांच्याकडून ऐकलेली दुसरी पिढी मात्र अजून आहे, मोरवडला, धडगावच्या डोंगरात, सीमेपलीकडे गुजरात-मध्य प्रदेशात. दहा-वीस वर्षांत तीही जाईल, आणि मग गुला महाराजांचेही गोरखनाथ होतील : नाव मोठे, माणूस सापडेना. आज एका बाजूला पोलिसांचे आणि कलेक्टर कचेरीचे कागद आहेत, जुन्या पश्चिम खानदेश जिल्ह्याचे. दुसऱ्या बाजूला भजने आणि आठवणी आहेत. दोन्ही एकाच वेळी हाताशी असण्याची संधी संस्थापकांच्या इतिहासात फार क्वचित येते. गॅलिलीत ती हुकली, तराईत हुकली. तळोद्यात हुकायचे कारण नाही.

पद्धतही बाहेरून आणायला नको. भडोचहून, म्हणजे आमच्याच नर्मदेच्या मुखाकडून, महाराष्ट्रात आलेले महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटाने काय केले? तेराव्या शतकाच्या अखेरीस हा माणूस गावोगाव हिंडला, ज्याने जे पाहिले ते त्याला विचारले, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले आणि ‘लीळाचरित्र’ उभे केले. चांगदेव राऊळांनी हरिपाळाच्या निर्जीव देहात प्रवेश केला, हे श्रद्धेचे सांगणेही त्याने ठेवले आणि स्वामी कुठल्या गावी काय जेवले हेही ठेवले. म्हणून आज न मानणाऱ्यालाही चक्रधर नावाचा माणूस झाला हे नाकारता येत नाही. महानुभावांच्या सकळ लिपीची किल्ली शोधणारे वि. का. राजवाडे अखेरीस धुळ्याला राहिले, तिथेच गेले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आपल्याच हद्दीत आहे. आणि विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेवांनी आईच्या ओव्या उतरवून घेतल्या नसत्या तर 1952 चे पुस्तक झाले नसते, आणि आपल्या प्रवेशद्वारावर दुसरेच नाव असते. इथेही घरातलाच माणूस कामी आला.

तेव्हा इतिहास विभागाने एक काम हाती घ्यावे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून जी मुले पावरी, मावची, देहवाली, वसावी घरात बोलतात, त्यांनाच आधी शिकवावे : आठवण कशी विचारायची, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले हे कसे वेगळे लिहायचे, दोन आठवणी जुळल्या नाहीत तर एक कापून न टाकता दोन्ही कशा ठेवायच्या. बाहेरून जाणारा संशोधक मराठीत विचारतो आणि मराठीत उत्तर घेऊन येतो. निम्मी गोष्ट वाटेतच सांडते. मुलांच्या हाती रेकॉर्डर द्यायला फार खर्च येत नाही, आजकाल तो सगळ्यांच्या खिशातच असतो. कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि धुळ्याच्या दप्तरात माणूस पाठवावा. आप पंथाच्या लोकांना सुरुवातीलाच सोबत घ्यावे. त्यांना विचारल्याशिवाय, त्यांना समजेल असे सांगितल्याशिवाय एकही ओळ छापू नये. चमत्कार सांगितला तर तोही लिहावा, सांगणाऱ्याच्या नावावर. कुठलाही कागद त्यांच्या श्रद्धेला गैरसोयीचा निघाला तर तो दडवू नये, आणि सोयीचा निघाला तर त्याची मिरवणूक काढू नये.

शेवटची अट आमची, तळोदेकरांची. या कामातून जे काही जमेल, आवाज, कागदांच्या नकला, छायाचित्रे, त्याचा एक संपूर्ण संच जळगावला राहील तसा एक मोरवडलाही राहावा, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत, कुलूप असलेल्या कपाटात, आणि किल्ली तिथल्याच माणसाकडे असावी. मागायला आलेल्याला तो दाखवावा, कुठल्याही जातीधर्माचा असो आणि कुठल्याही शंकेने आलेला असो. आपल्या येत्या अर्थसंकल्पी बैठकीपूर्वी उत्तर आले तर बरे होईल, कारण पावसाळ्यात डोंगरातले रस्ते बंद होतात आणि काम होळीपर्यंत लांबते.

आपला,
तळोद्याचा एक निवृत्त इतिहास शिक्षक